नागपूरचा मे महिना, दोन पोट्टे आणि दुपारचे साडेपाच तास

हे आमच्याच घरचं प्रकरण आहे, यंदाच्या सुट्टीतलं. सविस्तर लिहून ठेवतेय कारण एप्रिलच्या शेवटी मी स्वतः असं काहीतरी शोधत होते आणि जे सापडायचं ते सगळं "मुलांसाठी ५० ॲक्टिव्हिटी" छापाचं. मला ५० नको होत्या, मला फक्त एवढं कळायला हवं होतं की माझ्या घरात दुपारी नेमकं काय बिघडतंय.

आधी घर कसं आहे ते सांगते. आम्ही नागपूरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. म्हणजे स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत भिंतीला हात लावला तर गरम लागतो. मी बँकेत आहे, सकाळी साडेनऊला निघते ते सहा-सव्वासहाला घरी येते. नवरा औषध कंपनीत एमआर, आठवड्यातले तीन दिवस वर्धा-यवतमाळ-अमरावती. मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. दिवसभर घरी मुलांजवळ सासूबाई, वय ६८, दोन्ही गुडघे दुखतात, त्या खाली मांडी घालून बसू शकत नाहीत. आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे सुट्टी चांगली आठ आठवडे चालते आणि त्यातले निदान पाच आठवडे असे की सकाळी साडेदहानंतर पोरांना खाली खेळायला पाठवायचं नावच काढायचं नाही. ४४-४५ डिग्री काही इथे बातमी नसते.

पहिल्या दहा-बारा दिवसांत आम्ही जे केलं ते सगळेच करतात. स्केचपेननी रंगवून टाइमटेबल केलं, ९ ते १० वाचन, १० ते ११ चित्रकला वगैरे. तिसऱ्या दिवशी ते फ्रीजवर नुसतं चिकटलेलं होतं. ऑनलाइन एक क्राफ्टचा बॉक्स मागवला, सातशे रुपयांचा, दीड दिवसात संपला, उरलेलं ग्लिटर अजून सतरंजीत सापडतं. जवळच एक समर कॅम्प होता १० ते साडेअकराचा, पण परत यायची वेळच अशी की ऊन डोक्यावर, धाकट्याला दोनदा उलट्या झाल्या, आठव्या दिवशी बंद केला. मग उरला मोबाइल. सासूबाईंच्या फोनमध्ये किती वेळ काय चाललं ते दिसतं ना, तिथे मी एका गुरुवारी सहज पाहिलं तर ५ तास ४० मिनिटं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी म्हटलंय. आमच्याकडे धाकट्याचं जवळपास तिप्पट होत होतं.

त्या रात्री मी खूप चिडले आणि सासूबाईंना थोडं लागेल असं बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मी तरी काय करू, दोघं भांडून राहिले होते, मला घडीभर पडायचं होतं." तेव्हा ते मला बहाणा वाटलं. पण खरं म्हणजे अख्ख्या प्रकरणाचं उत्तर त्या एका वाक्यात होतं, मला ते कळायला अजून चार दिवस लागले.

वहीत काय निघालं

बँकेत कॅश जुळली नाही तर आम्ही अंदाज बांधत बसत नाही, एकेक व्हाउचर काढून बघतो. तसंच करायचं ठरवलं. एक जुनी वही घेतली आणि चार दिवस लिहिलं, शुक्रवार आणि सोमवार सासूबाईंना विचारून, शनिवार-रविवार स्वतः बघून (दुसरा शनिवार होता, सुट्टी). किती वाजता मुलं काय करत होती, भांडण कधी झालं, फोन कधी मागितला, आणि फोन कधी आपण होऊन दिला. हा शेवटचा रकाना मी नंतर वाढवला आणि तोच कामाचा ठरला.

सकाळी उठल्यापासून साडेअकरापर्यंत काहीच नव्हतं. एकही भांडण नाही. मुलं लोळतात, खिडकीत जातात, दूध पितात, आजीच्या मागे मागे फिरतात, कोणी काही "ॲक्टिव्हिटी" दिली नाही तरी चालतं. संध्याकाळी साडेसहानंतर खाली जातात, तिथेही काही नाही. म्हणजे मी जे समजत होते की दिवसभर मुलांना गुंतवायचंय, ते तसं नव्हतंच. गोंधळ साडेअकरा ते पाच या साडेपाच तासांतच होता आणि त्यातही दोन ठिकाणी. एक, साडेअकरा ते एक, जेवणाच्या आधी, भूक लागलेली पण स्वयंपाक व्हायचा असतो. दोन, दुपारी दोन ते चार, आजी झोपते तेव्हा.

आता कूलर दोन, पण बिलाच्या भीतीने दुपारी एकच चालवायचा अशी आमच्याकडे पद्धत. म्हणजे आजी, दोन मुलं, सगळे एकाच हॉलमध्ये. आजीला झोपायचंय म्हणून मुलांनी गप्प बसायचं. ६ वर्षांच्या मुलाने ४४ डिग्रीत, बंद खोलीत, दोन तास आवाज न करता बसायचं. आणि जगात एकच वस्तू अशी आहे जी हातात दिली की हे जमतं. वहीत दिसलं की फोन मुलांनी मागितला त्यापेक्षा जास्त वेळा आपणच दिला होता, शांतता हवी म्हणून. पोरांना मोबाइलचं वेड लागलंय असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि फोन तर आजीच्या झोपेसाठी लागत होता. ती झोप त्यांच्या हक्काची आहे, पहाटे पाचपासून त्या उभ्या असतात.

म्हणून पहिला बदल मुलांमध्ये नाही केला. दुसरा कूलर सुरू केला. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) आतल्या खोलीत झोपणार दार लोटून, मुलं हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये आवाज केला तरी चालेल. महिन्याचं बिल साधारण साडेचारशे रुपयांनी वाढलं, क्राफ्टच्या एका बॉक्सपेक्षा कमी. सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय काढला, सतरंजी घातली, आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे करून त्यात सगळं सामान मुलांच्या हाताला येईल असं ठेवलं. पाठकोरे कागद, बँकेची जुनी कॅलेंडरं, खडू, कात्री, सुतळी, पत्ते, चिंचोके, रिकामे डबे. आधी हे सगळं माळ्यावर होतं आणि "आजी काढून दे" म्हणावं लागायचं, आजीला स्टुलावर चढता येत नाही, मग विषय संपला.

कूलरचं एक सांगायलाच हवं, कारण आपल्या भागात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही. मुलांना एकटं दुसऱ्या खोलीत चालत्या कूलरजवळ ठेवायचं म्हटल्यावर मी आधी इलेक्ट्रिशियन बोलावला, अर्थिंग तपासलं, ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाइट तोडणारा स्विच, बसवली. पाणी फक्त मोठ्यांनी भरायचं, तेही स्विच बंद करून प्लग काढून, आणि सकाळीच. मुलांनी कूलरला हात लावायचा नाही, ओल्या पायाने तर जवळ जायचंच नाही. घरातला हा एकच नियम असा होता ज्यावर चर्चा नव्हती. तुमच्याकडे लोखंडी बॉडीचा जुना कूलर असेल तर बाकी काही करा न करा, हे आधी करून घ्या.

कुरडयांचे पाच दिवस

भुकेच्या वेळेचं सोपं होतं. साडेअकराला डबा उघडायचा, मुरमुरे, फुटाणे, काकडी, कैरीचं पन्हं, जे असेल ते. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट झाली ती सासूबाईंमुळे. त्या सहज बोलून गेल्या की गुडघ्यांमुळे दोन वर्षं कुरडया केल्या नाहीत. मुलगी म्हणाली, आम्ही करतो, तू बसून सांग.

दोन किलो गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, हे काम पोरांचं. आता हे ऐकायला काहीच नाही, पण विचार करा, ६ वर्षांच्या पोराला घरात कोण कधी असं काम देतं की जे त्याने नाही केलं तर खरंच नासेल? रोज सकाळी उठल्याबरोबर तो पातेल्याशी. दुसऱ्या दिवशी गहू टरटरून फुगले, तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागला तर त्याला वाटलं खराब झालं, रडायच्या बेतात आला, मग आजीने एक दाणा चिमटीत दाबून आतला पांढरा चीक बाहेर काढून दाखवला. मग काय, तो तासभर दाणेच दाबत बसला. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी मिक्सरमधून काढून गाळून दिलं, रात्रभर चीक खाली बसला, पाचव्या दिवशी पहाटे पाचला वरचं पाणी ओतून टाकलं. मग जेवढा चीक तेवढं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ-हिंग, आणि चीक ओतताना गुठळी होऊ द्यायची नाही. हे गरम काम मी केलं, आई खुर्चीत बसून "हलव, हलव, हात थांबवू नको". वाटीत गरम चीक, वर साखर आणि दूध, मुलांनी उभ्या उभ्या खाल्ला. सोऱ्या दाबायला जोर लागतो म्हणून तो नवऱ्याकडे, गच्चीवर साडेसहापर्यंत सगळं घालून झालं.

नंतर राखण. गच्चीच्या जिन्यावर सावली असते, तिथून कावळे आणि खारी हाकलायच्या. सकाळी साडेनऊपर्यंत आणि परत सहानंतर, मधल्या उन्हात मुलांनी वर जायचं नाही, वरून जुनी पातळ साडी टाकून ठेवायची. धाकट्याने कुरडया मोजल्या, १४३. त्या अंकाचा त्याला इतका अभिमान की कोणीही घरी आलं की आधी तो आकडा सांगायचा. त्याच्या मोजण्यात १०९ नंतर दोनदा गाडी अडली, बहिणीने सोडवली. शंभरच्या पुढचं मोजणं त्याला तोवर येत नव्हतं.

आठवड्याने दुसरा घाणा केला, त्यावर अवकाळी पाऊस आला आणि अर्ध्याहून जास्त वाया गेल्या. मुलगी खूप रडली. आई म्हणाल्या, "होते बाई असं, माझ्या तर एका वर्षी सगळ्याच गेल्या होत्या, तुझा बाबा तेव्हा तुझ्याएवढा." मग बाबा लहानपणी कसा होता, गच्ची कुठली होती, घर कुठलं, हे सगळं निघालं आणि त्या दुपारी कोणालाच काही गुंतवायची गरज पडली नाही.

इथे मला एक गोष्ट पक्की कळली. आपण मुलांना जे देतो ते "वेळ जावा म्हणून" असतं आणि मुलांना ते बरोबर कळतं. कुरडईत तसं नव्हतं. ती घराला खरंच हवी होती, आजीला एकटीने जमत नव्हती आणि मुलांशिवाय झाली नसती. त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न लावला, हे घरात कोणाला खरंच हवंय का? शेंगा सोलणं, कैऱ्या पुसून देणं, रद्दी बांधणं, आईच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत मोठीने लावून देणं (मी रात्री तपासत होते), हे सगळं त्यातून आलं.

झोपेच्या दोन तासांचं काय

दोन ते चार आजी आत. हॉलमध्ये दोघं. इथे खेळ लागतोच. आईंनी अष्टाचंगा शिकवला. खडूने फरशीवर पाच बाय पाच चौकटी, मधल्या आणि चार बाजूंच्या घरांवर फुली. फासे म्हणून चिंचोके, तेही आधी तयार करावे लागतात, चिंचोका खरबरीत दगडावर घासत बसायचं एक बाजू पांढरी होईपर्यंत, चार चिंचोके. एक दुपार नुसती घासण्यात गेली! चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. विकत आणलेल्या बोर्डपेक्षा हा जास्त चालला, माझ्या मते यासाठी की तो पुसून परत आखता येतो, पोरांनी पुढे सात बाय सातचा केला, नियम बदलले, भांडले, परत नियम केले. पत्त्यांत बदाम सात आणि झब्बू. मेंढीकोटला चार लागतात म्हणून समोरच्या दोन फ्लॅटमधली दोन मुलं यायला लागली, मग आम्ही तीन घरांनी दुपारी वाटून घेतल्या, दोन दिवस आमच्याकडे, दोन दिवस त्यांच्याकडे, असं. आईंना आठवड्यात चार दुपारी पूर्ण मोकळ्या मिळाल्या. मुलांना घरी रमवायचं म्हणतो तेव्हा ते काम कोणाच्या अंगावर पडतं हे कोणी विचारत नाही, बहुतेक घरांत ते आजीच्याच अंगावर पडतं आणि आजी बोलत नाही.

मोठीला मात्र १० व्या वर्षी अष्टाचंगा दहा दिवसांत पुरेसा झाला. तिच्यासाठी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. ही अरविंद गुप्ता यांची खूप जुनी कल्पना, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात त्यांनी हे केलं, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी बरीच वर्षं काम केलं. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मागायची, ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कापायची, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या, झाला सांधा. काड्यांचा गुल मी आधी खरवडून दिला. तिने चौकोन केला, दाबला की तो तिरका होतो. त्रिकोण केला, कितीही दाबा, हलत नाही. कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी स्कूटरवर जाताना मागून ओरडली, "आई, त्या टॉवरमध्ये बघ, सगळे त्रिकोणच आहेत!" खरंच सगळे त्रिकोणच. मी २०-२२ वर्षं त्या रस्त्याने जातेय.

आणि मग सावलीचं. २५ मेपासून आपल्याकडे नवतपा सुरू होतो, घरातले मोठे त्या नऊ दिवसांना धास्तावलेलेच असतात. त्याच दिवसांत, २६ मेच्या आसपास, नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. नागपूर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सूर्य उत्तरेकडे सरकत कर्कवृत्तापर्यंत, साडेतेवीस अंशांपर्यंत जातो, म्हणून वाटेत एकदा जाताना आणि एकदा येताना आपल्या डोक्यावरून जातो. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर, तिथे हे कधीच होत नाही. हे मोठीला बाबाने फोनवर समजावलं आणि १५ मेपासून दोघं रोज बारा वाजून दहा मिनिटांनी गच्चीवर. बरोबर बाराला नाही, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, नागपूर त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला थोडा उशीर होतो. पायात चप्पल, डोक्याला ओला दुपट्टा, दोन मिनिटांत खाली यायचं ही अट, आणि आजी खालून घड्याळ बघणार. स्टीलचा उंच पेला उभा ठेवायचा, सावलीच्या टोकाशी खडूची रेघ. रोज रेघ थोडी आत. त्या दहा दिवसांत साडेअकरा ते एक ही जी वाईट वेळ होती ती वाट बघण्यातच गेली. पुण्याच्या मावसभावाला फोन झाला, तर तिकडे ते १३-१४ मेलाच होऊन गेलेलं, ते आपल्या दक्षिणेला ना. त्याने पाहिलंच नव्हतं, हळहळला.

२६ तारखेला मी बँकेत होते. १२ वाजून १३ मिनिटांनी फोन आला, नुसता आरडाओरडा, "नाहीये! सावली नाहीये!" काउंटरवर समोर माणूस उभा होता, त्यांनाही मी सांगून टाकलं. ते बाहेर जाऊन स्वतःची सावली बघून आले.

जे जमलं नाही तेही

"कंटाळा आला" हे पहिले दोन-तीन दिवस सतत चाललं. आम्ही ठरवून उत्तर दिलं नाही, फक्त कपाटाकडे बोट. चौथ्या दिवशी दोघांनी चिंचोक्यांची बँक उघडली, जुन्या कॅलेंडरची पासबुकं, मोठी मॅनेजर, धाकटा रोज पैसे काढायला, आणि आजीला कर्ज मंजूर. हे मी सुचवलं असतं तर झालं नसतं असं मला वाटतं, पण त्यासाठी ते दोन-तीन रडके दिवस सोसावे लागतात आणि ते आईंनी सोसले, मी नाही.

मोबाइल बंद नाही झाला. साडेचार ते साडेपाच टीव्हीवर, हातातल्या फोनवर नाही, काय बघायचं ते आधी ठरवून, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं बंद करून. नवरा बाहेरगावी असला की तो एक तास सव्वा-दीडपर्यंत जायचा. भांडणं राहिली, वहीतल्या पहिल्या चार दिवसांत अकरा होती, मेच्या शेवटच्या आठवड्यात मी परत चार दिवस लिहिलं तर सात. एक दिवस तीन तास लाइट गेली तेव्हा कूलर नाही, काही नाही, तिघंही हैराण, मी आल्याबरोबर पसारा बघून ओरडले आणि मोठी रात्री न जेवता झोपली. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

शाळा सुरू झाली तेव्हा कपाटाचे खालचे दोन कप्पे आम्ही तसेच ठेवले. कुरडयांचा डबा अर्धा झालाय. आणि मोठीने कॅलेंडरवर १७ जुलैला गोल केलाय, कारण सूर्य परत येताना त्या दिवसाच्या आसपास पुन्हा डोक्यावरून जाणार. तेव्हा ती शाळेत असेल आणि पावसाळ्याचे ढगही असतीलच, म्हणून तिने ते काम आजीला दिलंय, पेला कुठे ठेवायचा, खडू कुठे आहे, सगळं कागदावर लिहून. गच्चीच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. आई म्हणाल्या, "हळूहळू जाईन बाप्पा, ढग नसले तं."